पाणी पिऊन या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तस्तूरचे नगराध्यक्ष अब्दुलवहाबसाहेब, राजधानीहून एवढा घाट चढून आलेले आरोग्य खात्याचे पाहुणे, मशिदीचे इमामसाहेब, व्यासपीठावर बसलेले, आणि खुर्ची कमी पडल्यामुळे व्यासपीठाच्या पायरीवर टेकलेले सर्व मान्यवर, जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत आणि जी "मला तांब्याचं तबक नको, घरात ठेवायला जागा नाही" म्हणून सकाळपासून माझ्याशी भांडते आहे, ती आपली डॉक्टर नजिहा बू-स्लामा, समोर बसलेल्या आयाबहिणी, बंधू, आणि माझ्या हातची पट्टी खाल्लेले माझे विद्यार्थी, आपणा सर्वांना मन्नूबिया मरीश्कोचा सलाम.

बोलण्याआधी एक विनंती. इथे पाण्याची एकच बाटली ठेवली आहे. मी दोन सांगितल्या होत्या. कोणीतरी दुसरी आणा, तोवर ही उघडते. नगराध्यक्षसाहेब, तुम्ही काळजीने बघताय, पण माझा घसा कोरडा पडलेला नाही. एवढी वर्षं वर्गात ओरडलेला घसा आहे, तो सभागृहाला भीत नाही. तरी एक आधीच सांगून टाकते. मी घाबरलेली आहे, आणि या माइकशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या आधीचे वक्ते फार छान बोलले. सगळे बाळंतपणांवर बोलले. डॉक्टरीणबाई समुद्राकाठच्या सफाक्स शहरातून इथे आल्या तेव्हा दवाखान्यात दिवाही धड लागत नव्हता, आणि तरी गावातली निम्मी पोरं त्यांनी सुखरूप बाहेर काढली, हे अगदी खरं आहे. त्यातली बरीच पुढे माझ्या वर्गात आली, त्यामुळे बाहेर काढल्याबद्दल मी त्यांच्यावर अधूनमधून रागावलेही आहे. पण मला सांगा, ज्या बाईला मूल झालं नाही, होणार नव्हतं, जिचं लग्नच झालं नाही, तिचं या दवाखान्यात काय काम? असा प्रश्न तुम्हाला पडला नसेल. मला पडला होता. त्या दाराशी मी जवळजवळ मरेपर्यंत गेले नव्हते, ते याच प्रश्नामुळे.

आता विषय सांगते. विषय अंगावरून जाण्याचा आहे. मागे कोण खाकरलं? बसा. इमामसाहेब, आपणही बसा, आपल्या घरात तीन मुली आहेत आणि तिघींना मी ओळखते. पुरुष मंडळींना अवघडल्यासारखं होत असेल तर त्यांनी छताकडे बघावं. मीही त्या दिवशी छताकडेच बघत होते.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पंचावन्न वर्षांची होते. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ती गेली म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. रमजानच्या आधीच्या महिन्यात एका सकाळी शाळेला निघताना अंगावरून लाल गेलं. थोडंसंच. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी पुन्हा.

काही बायकांना वाटतं, या वयात रक्त दिसलं म्हणजे तारुण्य परत आलं. आपल्या गावात तशी थट्टाही करतात. मला थट्टा सुचली नाही, कारण मला माझी हलीमा मावशी आठवली. मी लहान असताना ती आमच्या मागच्या खोलीत झोपून असायची. तिलाही म्हातारपणी असंच सुरू झालं होतं. घरातल्या बायका म्हणायच्या, गर्भाशयाला गारठा धरलाय. तिच्या पोटावर गरम विटा ठेवायच्या, तिला मेथीचं पाणी पाजायच्या, आणि कोणी पुरुष आला की दार ओढून घ्यायच्या. त्या खोलीचा वास मला अजून येतो. मावशी त्याच खोलीतून गेली, आणि कशाने गेली ते आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. त्या सकाळी शाळेच्या रस्त्यावर मला वाटलं, आता ती खोली माझी.

मग मी काय केलं? विज्ञानाच्या बाईने जे करायचं तेच केलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मी लपवलं. जरा थांबा, घोटभर पिते.

रमजान लागला. मी रोजे धरले. धर्मासाठी धरले असं या व्यासपीठावरून म्हणायला आवडलं असतं. पण पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो, हे इथे लहान पोरीलाही ठाऊक आहे. घरातली कोणती बाई दिवसाउजेडी फडताळाआड काही तोंडात टाकते ते बाकीच्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही. मी पंचावन्नाव्या वर्षी दुपारी पाव खाल्ला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. म्हणून मी उपाशी राहिले, तराजूत मोजल्यासारखी नमाज पढले, आणि रात्री अंथरुणात पडून मावशीच्या विटा आठवत राहिले.

माझी भावजय शाद्लिया इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत, हिरवा रुमाल. शाद्लिया, मान खाली घालू नकोस. माझा धाकटा भाऊ ताहर आणि ही, या दोघांच्या घरात मी राहते. ही माझी विद्यार्थिनी होती हेही सांगते, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला नीट कळेल. एका दुपारी ती गच्चीवर कपडे काढत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचे आतले कपडे बरेच दिवसांत दोरीवर दिसले नाहीत."

"माझे मी धुते."

"धुता ते ठीक. वाळत कुठे घालता? कपाटात?"

मी टोपलीतले चिमटे मोजायला लागले.

"मला सातवीत तुम्ही बेडकाचं पोट उघडून दाखवलंत. मला ओकारी आली तर म्हणालात, बघ, डोळे मिटून काही कळत नाही. आता स्वतःच्या पोटाची वेळ आली तर कपाट?"

मला राग यायला हवा होता. मी तिथेच टोपलीशेजारी बसले आणि रडले. शाद्लियाने कपडे घडी करणं थांबवलं नाही. सगळे झाल्यावर म्हणाली, "उद्या दवाखान्यात फोन करा. नाहीतर मी करीन, आणि माझा आवाज मोठा आहे."

फोनवर नर्स रबह बोलली. तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली. "बाई, पाणी पिऊन या, भरपूर, आणि लघवीला जाऊ नका."

आता हे का, ते समजून घ्या. अंगावरून असं जायला लागलं की डॉक्टर आधी सोनोग्राफी करतात. लग्न झालेल्या बाईची आतून करतात, बारीक दांडी असते, त्यात सगळं जवळून दिसतं. माझ्यासारखीची आपल्याकडे पोटावरून. आणि पोटावरून बघायचं तर मूत्राशय तट्ट भरलेलं लागतं. त्या पाण्यातून मागचं गर्भाशय दिसतं. पाणी नसेल तर मध्ये आतडी येतात आणि पडद्यावर नुसतं धुकं. थोडक्यात, भरलेलं मूत्राशय ही खिडकी आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पाणी प्यायचं आहे आणि रमजान आहे.

मी हुशार बाई. मी पहाटेच्या सहरीला उठले आणि बांग होईपर्यंत पाणी प्यायले. घरातले बघत राहिले. ताहर म्हणाला, "अक्का, वाळवंटात निघालीस की काय?" मी म्हटलं, उन्हाळा आहे. तपासणी होती दहा वाजता. तोवर ते सगळं पाणी मी धरून ठेवायचं ठरवलं होतं. हसा, हसा. त्या सकाळी मला कोणी हसवलं असतं तर अनर्थ झाला असता.

ताहरला आम्ही दाताचं कारण सांगितलं होतं. त्याच्या डाळिंबं वाहायच्या गाडीतून निघालो. बिचारा माझा दात दुखू नये म्हणून प्रत्येक खड्ड्यात गाडी हळू घालत होता, म्हणजे प्रत्येक खड्डा मला दुप्पट वेळ भोगावा लागत होता. दवाखान्याच्या दाराशी मी शाद्लियाला पर्स दिली आणि आधी उजवीकडे वळले. उजवीकडे काय आहे ते दवाखान्यात गेलेल्यांना माहीत आहे.

खोलीत अंधार होता. पोटावर तो गार चिकट मलम. तोही थोडासाच, सफाक्सची माणसं काही वाया घालवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"बाई, पाणी प्यायला होतात ना?"

"प्यायले होते."

"कधी?"

"सहरीला."

"मग ते कुठे गेलं?"

"तुमच्या संडासात," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला काही दिसत नाही. प्या आणि तासाभराने पुन्हा बघू."

"मला रोजा आहे."

"हे रक्त पाळीचं नाही, त्यामुळे रोजा तुम्हाला आहे, मान्य. पण आजाऱ्याला सूट आहे, तीही तितकीच खरी. एक रोजा नंतर भरून द्या."

"मी ईदनंतर येते."

"ईदनंतर नको."

हे त्या फार पटकन म्हणाल्या. मी विचारलं, का नको? त्या म्हणाल्या, "कारण आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही."

"आणि पाप?"

"माझ्या मानेवर."

त्यांनी दाराला कडी घातली, स्वतः नळावरून जग भरला आणि माझ्यासमोर धरला. त्यांचे स्वतःचे ओठ सुकून फुटले होते, कारण रोजा त्यांनाही होता. बंधुभगिनींनो, भर दिवसा रमजानमध्ये मी पाणी प्यायले. धरलेला रोजा मोडण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. पहिला घोट घशात अडकला. मग पीत गेले. हातमोज्यांच्या खोक्यांच्या खोलीत मला बसवलं, आणि मी ओल्या तोंडाने बाहेर दिसू नये म्हणून शाद्लिया बाहेरच्या बायकांना सांगत होती, "दोघी जुन्या ओळखीच्या आहेत, गप्पा संपत नाहीत."

दुसऱ्यांदा झोपले तेव्हा डॉक्टरीणबाई बोलत होत्या. शाळेबद्दल, भाचीच्या लग्नाबद्दल. यंत्र खाली सरकलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. वाक्य अर्धंच राहिलं. मी पेपर तपासणारी बाई आहे. उत्तर चुकलेलं दिसलं की मी पण अशीच थांबते. मला त्या खोलीतून उठून पळायचं होतं, आणि पोट एवढं भरलं होतं की हलताही येत नव्हतं. छताला एका जागी ओल आली होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, बोला, काहीतरी बोला.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे आतलं अस्तर. तुमच्या वयाला ते आपण तळतो त्या ब्रीकच्या पातळ पापुद्र्यासारखं हवं."

"आणि माझं?"

"तुमचं चुलीतल्या भाकरीसारखं झालंय."

"कॅन्सर?"

"सोनोग्राफी तेवढं सांगत नाही. ती फक्त जाड आहे म्हणते. पापुद्रा दिसला असता तर मी तुम्हाला घरी पाठवून निवांत झोपले असते. जाड आहे, म्हणजे दुर्बिणीने तुकडा काढून बघावा लागणार. खोटं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मला जमणार नाही."

त्या संध्याकाळी इफ्तारला ताहरने नेहमीसारखा पहिला खजूर माझ्यापुढे केला. "घे अक्का." माझा हात पुढे होईना. मी म्हटलं, "मी आज रोजा मोडलाय."

त्याने विचारलं, "दातामुळे?"

"दात नाही."

मग शाद्लियाने सांगितलं, सगळं, त्याच्या तोंडावर. ताहरच्या पुढ्यातलं सूप निवलं. मग तो म्हणाला, "पण दुर्बीण म्हणजे... अक्काचं लग्न झालेलं नाही. लोक काय म्हणतील?"

"दुर्बीण काडीएवढी असते, काही बिघडत नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," शाद्लिया म्हणाली. "आणि बिघडलं तर बिघडू दे. वन्संना बघायला आता कोणता मुलगा येऊन बसलाय बाहेर?"

ताहर हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. तेव्हा मला कळलं की तो लोकांना नाही, मावशीच्या खोलीला भीत होता. आम्ही दोघं लहानपणी त्याच दाराबाहेर खेळायचो.

तुकडा काढला, राजधानीला गेला, आणि आम्ही वाट बघत बसलो. त्या वाट बघण्याबद्दल मी फार बोलणार नाही. ईदची मिठाई भाजताना मी शाद्लियाला मध्येच सांगायची, निळी शाल तू घे, भांडी अमकीला दे. ती म्हणायची, "तव्याकडे लक्ष द्या, करपतंय." रात्री मात्र ती माझ्या खोलीत अंथरूण टाकून झोपायची.

ईदच्या तिसऱ्या दिवशी मी दारात उभी होते. गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाई दिसल्या, ईदच्या कपड्यांत, पायी. डॉक्टर स्वतः घरी येतो तो कशासाठी, हे मला माहीत होतं. मी चौकट धरली. त्यांना माझा चेहरा लांबूनच दिसला असावा, कारण त्या जवळ येईपर्यंत थांबल्या नाहीत. भर गल्लीतून ओरडल्या, "बाई, नाही."

एवढंच. नाही. नंतर आत बसून समजावलं, की आत एक मऊ गाठ होती, ती तुकडा घेतानाच काढली होती; अस्तर वाढलं होतं पण बिघडलं नव्हतं; आता गोळ्या, आणि दर सहा महिन्यांनी पाणी पिऊन यायचं. ईदनंतर मी तो मोडलेला रोजा भरून दिला. त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. डॉक्टरीणबाई. त्यांनीही दिवसभर काही खाल्लं नव्हतं. म्हणाल्या, "पाप माझ्या मानेवर घेतलं होतं, विसरलात?" आमच्या ओट्यावर बसून दोघींनी एकाच खजुराचे दोन तुकडे करून रोजा सोडला.

ही दुसरी बाटली कोणी आणली? देव भलं करो. नगराध्यक्षसाहेब, आता घड्याळाकडे बघू नका, मी संपवतेच आहे.

हे सगळं आज का सांगितलं, तर त्याला थोडं पुढे जोडायचं आहे. गोळ्या बंद होऊन चार वर्षं झाली. मधली प्रत्येक तपासणी चांगली निघाली, पापुद्र्यासारखी. आणि गेल्या गुरुवारी सकाळी पुन्हा अंगावरून लाल गेलं.

नाही, कुजबुजू नका. मला ऐकू येतं. मी घाबरले आहे, सात वर्षांपूर्वीपेक्षा जास्त, कारण या खेपेला मला माहीत आहे की कशाला घाबरायचं. मागच्या वेळी नशिबाने नाही निघालं. दरवेळी नाही निघेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. आणि डॉक्टरीणबाई उद्यापासून इथे नसतील. पण या खेपेला कपडे मी गच्चीवरच वाळत घातले. शाद्लियाला त्याच सकाळी सांगितलं, ताहरला दुपारी, आणि आता तुम्हा सर्वांना. समोर बसलेल्यांपैकी जी कोणी घरात कपाट बंद करून बसली असेल, तिने माझ्याकडे बघावं. मावशीच्या खोलीचं दार मला आज, एवढ्या लोकांसमोर, उघडून ठेवायचं होतं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "शनिवारी माझा समारंभ आहे, तो आटोपला की समोर दवाखान्यात या. यंत्र मी अजून झाकलेलं नाही. शेवटची तुम्हीच." मी विचारलं, आणखी काही? त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे."

तेव्हा, सभागृह दिल्याबद्दल नगरपालिकेचे, ऐकून घेतल्याबद्दल आपले, आणि छताकडे बघत बसलेल्या पुरुष मंडळींचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल, काही शब्द सभेला शोभले नसतील, तर एका घाबरलेल्या बाईचे म्हणून पोटात घाला. समारोपाला मी थांबणार नाही, त्याचीही माफी असावी, मला आता उभं राहवत नाही. ताहर, गाडी नको, रस्ता ओलांडायचाय फक्त. शाद्लिया, माझी पर्स घे. डॉक्टरीणबाई, ते तबक राहू द्या टेबलावर, कोणी चोरत नाही. उठा. मी पाणी पिऊन आले आहे.